उत्पन्नाचे एकापेक्षा जास्त स्रोत: त्यासाठी नेमकी कोणती मानसिकता लागते?

'कोट्यधीशांकडे उत्पन्नाचे सात स्रोत असतात' हे वाक्य रील्समध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरत आहे. हा सातचा आकडा आला कुठून, हे सांगायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. तो खरा मानला तरी त्यातला क्रम उलटा आहे. लाभांश, घरभाडे, व्याज हे स्रोत पैसा जमल्यावर येतात. ते होते म्हणून माणूस कोट्यधीश झाला, असे त्यातून सिद्ध होत नाही.

एकापेक्षा जास्त स्रोतांवर चालणारे घर पाहायचे असेल, तर शेतकरी कुटुंब पाहावे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१८-१९ च्या पाहणीनुसार देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात मजुरी आणि पगाराचे ४,०६३ रुपये, पिकांचे ३,७९८, जनावरांचे १,५८२, शेतीबाहेरच्या व्यवसायाचे ६४१ आणि जमीन भाड्याने दिल्याचे १३४ रुपये होते. म्हणजे पाच प्रकारचे उत्पन्न, आणि सगळे मिळून दहा हजारांच्या थोडे वर. त्याआधीच्या २०१२-१३ च्या पाहणीत पिकांचे उत्पन्न मजुरीपेक्षा जास्त होते. सहा वर्षांत ते उलटे झाले. यातली बरीच कुटुंबे हौसेने दुसऱ्या स्रोताकडे गेलेली नाहीत. शेतीत भागत नाही म्हणून घरातले कुणीतरी मजुरीला जाऊ लागले.

त्यामुळे स्रोत किती आहेत, हा प्रश्न तसा दुय्यम आहे. एक आटला तर दुसरा चालू राहील का, पैसा हातात केव्हा पडतो आणि त्यासाठी काय खर्ची घालावे लागते, हे आधी विचारायला हवे. मानसिकता घडवायची म्हणजे हे प्रश्न विचारायची सवय लावायची. भिंतीवर 'मी करू शकतो' लिहून चिकटवल्याने ते होत नाही.

स्रोत दोन, झरा एकच

मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायका घराघरात चालवत. नवरा गिरणीत आणि बायको खानावळवाली, म्हणजे घरात दोन उत्पन्ने. या बायकांना सावकाराच्या जाचातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. काम मोठेच होते. पण खानावळीच्या ताटाचे पैसेही गिरणीच्या पगारातूनच येत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबले, असंख्य कामगार गावी परतले, आणि ज्या घरात पगारही गिरणीचा आणि खानावळीचे गिऱ्हाईकही गिरणीचेच होते, तिथे दोन्ही उत्पन्ने एकाच वेळी आटली. कागदावर स्रोत दोन असले तरी जोखीम एकच होती.

आजच्या घरांत हीच गोष्ट वेगळ्या कपड्यांत दिसते. पुण्यात नवरा-बायको दोघेही आयटीत, दोघांचे काम एकाच देशातल्या ग्राहकांसाठी, बचत स्वतःच्याच कंपनीच्या शेअर्समध्ये, आणि गुंतवणूक म्हणून घेतलेला दुसरा फ्लॅट हिंजवडीत, आयटीवाल्यांनाच भाड्याने दिलेला. मोजायला गेले तर स्रोत चार. पण त्या क्षेत्रात मंदी आली की पगारवाढ, शेअर्सचा भाव आणि भाडेकरू या तिन्हींवर एकदमच परिणाम होतो. याउलट एकजण आयटीत आणि दुसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असेल, तर स्रोत दोनच असूनही ते घर जास्त भक्कम ठरते. जोडीदाराची नोकरी हा बहुतेक घरांतला सर्वांत मोठा दुसरा स्रोत असतो. तरीही 'साइड इन्कम'च्या चर्चेत तो कुणी मोजत नाही. बायकोने नोकरी सोडावी की नाही, हा निर्णय कित्येक घरांत या हिशोबाशिवायच होतो.

दुधाचे बिल आणि उसाचे बिल

पैसा किती येतो याइतकेच तो केव्हा येतो याला महत्त्व आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. तोडणी झाल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे, पण कारखान्याकडून बिल थकण्याचा अनुभव नवा नाही. त्या सोळा महिन्यांत किराणा, शाळेची फी, दवाखाना कशावर चालतो? गोठ्यातल्या दोन म्हशींवर. दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी येते, दिवाळीला फरकाची रक्कम वेगळी. रकमेने दूध उसापेक्षा लहान असेल, पण बिलाची तारीख ठरलेली असल्यामुळे सावकाराकडे जायची वेळ येत नाही.

मराठीत यासाठी 'जोडधंदा' असा नेमका शब्द आहे. मुख्य धंद्याला जोडलेला, त्याच्या गैरसोयी भरून काढणारा धंदा. उसाचे वाडे म्हशीला, म्हशीचे शेण शेताला. अर्थात याला मर्यादाही आहे. चारा आणि पाणी दोन्हीकडे एकच लागते, त्यामुळे मोठ्या दुष्काळात पीक आणि दूध हातात हात घालून खाली जातात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे काढली, ती याचमुळे मोलाची ठरली. पाऊस पडो न पडो, खडी फोडण्याची मजुरी मिळत होती.

शहरातल्या पगारदाराची गरज नेमकी उलटी असते. त्याचा मासिक प्रवाह ठरलेला असतो. नोकरी गेली तर पुढचे सहा महिने कसे काढायचे, हा त्याचा प्रश्न असतो. त्याला दरमहा आणखी दोन हजार आणणाऱ्या कामापेक्षा सहा महिन्यांच्या खर्चाएवढी बाजूला ठेवलेली रक्कम जास्त उपयोगाची. ही रक्कम कुठलेही उत्पन्न देत नाही म्हणून अनेकांना ती वाया गेल्यासारखी वाटते. पण तीच नसेल तर दुसरा स्रोत उभा करताना पहिल्याच अडचणीत माणूस तो मोडून खातो.

'झोपेतही पैसे कमवा'

समाजमाध्यमांवर सर्वांत जास्त खपणारी कल्पना ही आहे. बसल्या जागी मिळणारे उत्पन्न अस्तित्वात आहे, पण ते आधी केलेल्या श्रमांचे साठवण असते. बँकेत ७ टक्के दराने ठेव ठेवून दरमहा १०,००० रुपये व्याज हवे असेल, तर सुमारे १७ लाख १५ हजार रुपये जमा असावे लागतात. व्याजावर कर लागेल आणि महागाई त्या दहा हजारांची किंमत दरवर्षी कमी करत राहील, हे वेगळेच.

घराचा हिशोब तर आणखी डोळे उघडणारा आहे. समजा ६० लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडे १६,००० रुपये येते. वर्षाचे १ लाख ९२ हजार, म्हणजे किमतीच्या ३.२ टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एखादा महिना वजा करावा लागतो. आता हाच फ्लॅट ४८ लाखांचे कर्ज काढून घेतला असेल, तर ८.५ टक्के दराने वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे ४१,६०० रुपये बसतो. भाडे येते १६,००० आणि हप्ता जातो ४१,६००. किंमत वाढेल म्हणून हा व्यवहार करणे हा एक निर्णय असू शकतो, पण त्याला उत्पन्नाचा दुसरा स्रोत म्हणता येत नाही. निदान पहिली काही वर्षे तरी हा महिन्याला पंचवीस हजारांचा जादा खर्च आहे, आणि तो पगारावरच अवलंबून आहे.

यूट्यूब चॅनेल, ऑनलाइन कोर्स, ई-पुस्तक यांचेही असेच. तयार झाल्यावर ते विकले जाते हे खरे, पण आधीचे शेकडो तास कुणी मोजत नाही. आणि नियमित भर घातली नाही तर प्रेक्षक पांगतात.

वेळेची किंमत आणि पैसे मागायची लाज

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातूनच लिज्जत पापड उभा राहिला. ही गोष्ट सर्वांना माहीत असते, पण तिच्यातली कामाची रचना फारशी सांगितली जात नाही. केंद्रावरून पीठ न्यायचे, घरी सवडीने लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड जमा करून लाटणावळ घ्यायची. भांडवल, विक्री, वसुली यांचा भार एकट्या बाईवर नाही आणि काम घरच्या वेळापत्रकात बसणारे. जोडउत्पन्न टिकते ते बहुधा असे. ज्या कामासाठी रोज आयुष्याची घडी मोडावी लागते, ते उत्साह ओसरला की तिसऱ्या महिन्यात बंद पडते.

लाटणावळ ठरलेली असल्यामुळे आणखी एक प्रश्न सुटला होता: पैसे मागायचे कसे. हा प्रश्न मराठी मध्यमवर्गीय घरांत फार जुना आहे. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' अशी म्हण ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत मुलाला सरकारी नोकरी लागल्यावर पेढे वाटले जातात आणि त्याने दुकान टाकले तर 'शिक्षण वाया घालवले' असे म्हटले जाते. घरगुती फराळ विकणारी बाई शेजारणीकडून पैसे घेताना अवघडते. 'घरातच तर केलेय' म्हणून ती गॅस धरत नाही, आणि स्वतःचा वेळ तर नाहीच.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा चकली ६०० रुपये किलोने विकली. सामान २६०, गॅस आणि पॅकिंग ६०, पोहोचवण्याचा खर्च ४०, उरले २४०. दहा किलोला २,४०० रुपये. भाजणीपासून डबे पोहोचवण्यापर्यंत सोळा तास लागले, तर ताशी १५० रुपये पडले. शेजारणीला ५०० रुपयांत दिली असती तर ताशी ८७ रुपयेच राहिले असते. किलोमागे शंभर रुपयांची भिडेची सूट म्हणजे जवळजवळ निम्मी मजुरी गेली. भिडेपोटी किती जाते, हे असे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही. यात नफा मोठा दिसला नाही तरी हरकत नाही, कारण पुढचा प्रश्न असा असतो की हा तासाचा दर वाढू शकतो का. मशिनने, मोठ्या ऑर्डरने किंवा नावाने तो वाढणार असेल तर काम पुढे न्यावे.

हाच निकष लावला तर पंचविशीतल्या नोकरदारासाठी दुसरा स्रोत सुरू न करणे हाही शहाणा निर्णय ठरू शकतो. संध्याकाळचे दोन तास शंभर रुपये ताशी दराने विकण्यापेक्षा तेच दोन तास आपल्याच क्षेत्रातले पुढचे कौशल्य शिकण्यात घातले, तर दोन वर्षांनी मुख्य पगारच जास्त वाढण्याची शक्यता असते. एका वेळी ब्लॉग, शेअर ट्रेडिंग, साड्यांची रिसेलिंग आणि विमा एजन्सी असे चार उद्योग काढणाऱ्यांचे काय होते, ते 'एक ना धड भाराभर चिंध्या' या म्हणीने आधीच सांगून ठेवले आहे.

घाई कुठे नेते

उत्पन्न वाढवायच्या इच्छेवर एक मोठा बाजार चालतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे आढळले. सरासरी तोटा खर्चासह माणशी सुमारे दोन लाख, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. तरीही 'ट्रेडिंग हा माझा दुसरा स्रोत' असे म्हणणारे भेटतात. जिंकलेल्या दिवसाचा स्क्रीनशॉट टाकला जातो, वर्षाचा हिशोब टाकला जात नाही.

'टास्क'वाल्या फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, असा मेसेज येतो. पहिले शे-दोनशे रुपये खरेच खात्यात येतात. त्यातून विश्वास बसला की मोठ्या कमाईच्या कामासाठी आधी पैसे भरायला सांगतात. अ‍ॅपवर नफा वाढत असलेला दिसतो, काढायला गेले की 'कर' किंवा 'शुल्क' म्हणून आणखी मागणी होते. काम देणारा कामगाराकडून पैसे घेतो, इथेच खरे तर थांबायला हवे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर होतो तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगत जाते.

कॉलेजच्या मुलांसाठी याहून धोकादायक प्रकार म्हणजे 'बँक खाते वापरायला द्या, कमिशन मिळेल'. अशा खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. पोलिसांचा माग खातेदाराच्या नावापर्यंत येतो, खाते गोठते, आणि चार-पाच हजारांच्या कमिशनसाठी मुलगा गुन्ह्यात आरोपी होतो.

साखळी पद्धतीच्या योजनांना ओळखायला एक प्रश्न पुरतो: नवीन माणूस जोडला नाही तर फक्त वस्तू विकून पैसे मिळतील का? उत्तर नाही असेल तर ती योजना १९७८ च्या बंदी कायद्याच्या आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांच्या कक्षेत येण्याची शक्यता दाट असते. शिवाय पहिली गिऱ्हाइके म्हणून मामा, मावशी आणि शाळेतले मित्रच धरले जातात. योजना बुडाली की पैशांबरोबर नातीही जातात, आणि हा तोटा कुठल्याच विवरणपत्रात दाखवता येत नाही.

नोकरी असताना दुसरे काम

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत. पूर्वपरवानगीशिवाय खाजगी नोकरी किंवा व्यापार करता येत नाही. बायकोच्या नावावर धंदा दाखवून स्वतः चालवणे ही अनेक कार्यालयांतली उघड गोष्ट असली तरी चौकशी लागली की ती अंगाशी येते. खाजगी नोकरीत सारे नेमणुकीच्या करारावर असते. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने स्पर्धक कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० जणांना काढल्याचे जाहीर केले होते. करारातले ते कलम वाचून, शंका असेल तर लेखी विचारून घेणे बरे. मुख्य पगार धोक्यात घालून उभा केलेला दुसरा स्रोत म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे.

कराच्या बाबतीतही मन आधीच तयार ठेवावे लागते. पगार, घरभाडे, धंदा किंवा व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न असे आयकरात मिळकतीचे पाच वर्ग आहेत आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा होतो. घरभाड्यावर मालमत्ता कर वजा केल्यानंतर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. ऑप्शन्समधला नफा-तोटा धंद्याच्या वर्गात जातो, त्यामुळे पगारदाराचा साधा फॉर्म चालत नाही. बँकेने व्याजावर टीडीएस कापला म्हणजे कर संपला, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. वरच्या टप्प्यातल्या माणसाला फरक स्वतः भरावा लागतो. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक निघत असेल तर आगाऊ कर लागू होतो, आणि त्याचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला असतात. सेवा देणाऱ्याची उलाढाल २० लाखांपुढे गेली की सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. फक्त वस्तू विकणाऱ्यासाठी महाराष्ट्रात ही मर्यादा ४० लाख आहे. घरगुती खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडची नोंदणी उलाढाल कितीही छोटी असली तरी हवी.

यासाठी वेगळे बँक खाते उघडणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जोडधंद्याचे सगळे येणे त्याच खात्यात आणि सगळा खर्च त्याच खात्यातून. घरखर्चाच्या खात्यात ते मिसळले की महिनाअखेरीस धंदा कमावतोय की पगारच धंद्याला पोसतोय, हे कळेनासे होते. वर्षभर अशी नोंद ठेवली की एप्रिलमध्ये एका बैठकीत ताशी दर काढता येतो, आणि जो स्रोत सलग दोन वर्षे घरच्या मोलकरणीच्या ताशी दराएवढेही देत नाही तो बंद करायचा की हौस म्हणून ठेवायचा, हे घरातल्या सगळ्यांना समोर बसवून ठरवता येते.